फळ्यावाला जावई

जळगाव जामोद,
१२ नोव्हेंबर १९६७

फौजी शालिग्रामले,

हिंमतचा रामराम पोचे. तठी पोचेपर्यंत गोठला असंल तर शेकून घेजो.

तुह्यं पत्र आलं. रुखमामावशीनं पाकीट आधी कपाळाले लावलं, मंग माह्याकडे फेकलं अन् म्हने, वाच बे, अन् मधातलं गाळू नको. मी आठवीत दोनदा बसलो तरी आपल्या मावसभावाचं पत्र वाचता येते मले. पन तुह्यं मराठी वाचता वाचता माह्या जिभेले मुंग्या आल्या. "हिमाच्छादित शिखरांच्या सान्निध्यात आम्ही सर्व जवान खुशाल आहोत." शाल्या, कोनाले लिहून राह्यला बे? घरात एक तुही माय, एक म्हैस, अन् वाचनारा मी. तिघायतल्या कोनाले सान्निध्य समजते? शेवटी मी मावशीले म्हनलं, पोट्टा बरा हाय, थंडी लय हाय. तिचं समाधान झालं. तुह्या चार पानायचं सार तेवढंच होतं.

पन एका ठिकानी ती अडली. तू लिहिलं का पायाले फळ्या बांधून डोंगरावरून खाली घसरत येतो. तिनं ते मले तीनदा वाचाले लावलं. म्हने, सरकार यासाठी जेवाले घालते? मी म्हनलं, हाव मावशी, वरून कोट बी देते. ती म्हने, लहानपनी हाच पोट्टा घसरला का मी याले मारत होती. माह्यं चुकलंच म्हना.

आता कामाचं. ज्यायच्या सरकी काढाच्या जिनात मी गाड्यायवर चढून कापूस तुडवतो, ते भगवानराव. त्यायची मंजुळा. मागच्या सुट्टीत तुले त्यायच्याच आवारात येऊन येऊन तहान लागत होती, हे मले दिसत होतं. मी कापसात उभा असतो, आंधळा नसतो. तर मावशीनं लग्नाची बोलनी टाकली. भगवानराव नाही म्हनले नाही. एकच इचारलं, पोरगा नेमकं काम काय करते? फौजी म्हनून मोकळं होऊ नका, काम सांगा. नांदुऱ्याचा एक कंपाउंडर बी रांगेत उभा हाय. त्याचं काम सांगाले एक शब्द पुरते. तुह्यं सांगाले मले डोंगर, फळ्या, दोरी सगळं उभं करा लागते.

म्हून नीट लिहून पाठव. त्या फळ्या कोनत्या, त्यायचं करतो काय. मंजुळा हाताची जाऊ द्याची नसंल तर समजंल असं लिहिजो.

हिंमत


छावणी (ठिकाणाचे नाव लिहिण्यास मनाई आहे),
२ डिसेंबर १९६७

प्रिय बंधू हिंमत,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र मिळाले. त्यातील भाषा वाचून खेद झाला. फौजेत प्रांतोप्रांतीची माणसे असतात, त्यामुळे माझी वाणी सुधारली. तुझी कोणी सुधारावी? कापूस काही बोलत नाही.

ज्याला तू फळी म्हणतोस तिला स्की म्हणतात. तुला बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. इथे बर्फाच्या जाती आहेत. ताजा पडलेला बर्फ पिठासारखा असतो. त्यावर अरुंद स्की घालून गेलास तर गुडघ्यापर्यंत आत जाशील. तिथे रुंद आणि मऊ स्की पाहिजे, टोक वर उचललेली, म्हणजे ती पिठावर तरंगते. गोठलेला बर्फ याच्या उलट. तो काचेसारखा. त्यावर रुंद स्की म्हणजे तेलकट ताटातली वाटी, कुठेही जाईल. तिथे अरुंद, ताठ आणि कडेला पोलादी पट्टी मारलेली जोडी लागते. कड रुतली तरच माणूस वळतो. दुपारी उन्हाने ओला होणारा बर्फ सर्वांत नालायक. तो तळाला चिकटून बसतो, तिथे मेण कोणते लावले यावरच सगळे. आणखी एक जात आहे, वर पापुद्रा आणि खाली पोकळ. ती तुला सांगत नाही, झेपणार नाही.

आता खरी विद्या ऐक. गस्तीवरचा जवान पाठीवर तीन जोड्या घेऊन निघत नाही. शिखरावर गोठलेला, झाडीत पिठासारखा, खाली नाल्यापाशी ओला, हे सगळे त्याला एकाच फेरीत भेटते. म्हणून सगळ्या बर्फांना पुरेल अशी एकच जोडी निवडावी लागते. ना फार रुंद ना फार अरुंद, टोकाला लवचीक, पायाखाली ताठ. लांबी म्हणजे हात वर करून उभे राहिल्यावर मनगटापर्यंत. नवशिक्याला मात्र हनुवटीपर्यंतचीच द्यावी. अधिक दिली तर तो स्वतःच्याच स्कीत गुंतून मरतो. नवशिके ऐकत नाहीत, त्यांना लांबच पाहिजे असते. मूर्ख असतात.

इथे मोठमोठे साहेब लोकसुद्धा सकाळी मला विचारतात, शालिग्राम, आज कोणती? यावरून माझ्या कामाची कल्पना भगवानरावांना येईल. कंपाउंडर बाटलीतले पाणी दुसऱ्या बाटलीत ओततो. त्याच्याशी माझी तुलना नको.

हे पत्र मोठ्याने वाचावे. शक्यतो जिनाच्या आवारात, जेवणाचा डबा येण्याच्या वेळी.

तुझा,
शालिग्राम


जळगाव जामोद,
२६ डिसेंबर १९६७

बर्फातल्या पंडिताले,

तुह्यं पत्र आवारात वाचलं. डबा घेऊन मंजुळाच येते, हे तुले तठी बसून बरं ठाऊक. पन वाचून कोनाले काही समजलं नाही. हमाल म्हनाले, याले बर्फानं बाधा झाली. भगवानराव म्हनाले, हे सगळं फळीचं झालं, पोराचं काय? मंग मी ठरोलं का वाचून नाही, करून दाखवाचं.

पुंजाजी सुताराकडे गेलो. त्याच्यापाशी एका जुन्या दाराचं सागवान पडून होतं. दोन जोड्या करून मांगतल्या, एक रुंद, एक अरुंद, टोकं उकळत्या पान्यात घालून वाकोलेल्या. तो म्हने, ह्या कोन्या बैलाच्या? मी म्हनलं, फौजेतल्या. त्यानं मान हलोली अन् करून देल्या. पायाले बांधाले बैलाचा कासरा घेतला.

आपल्या जिनात आता कापसाची गंजी लागली हाय, छपराच्या वरून दिसते. इतकं पांढरं तुह्या काश्मिरातबी नसंल. अन् शाल्या, तुह्या जाती इथंबी निंगाल्या. वरचा ताजा कोरडा कापूस, ते तुह्यं पीठ. अरुंद फळ्या घालून उतरलो त कमरेपर्यंत गडप. दोन हमालायनं वढून काढलं. रुंद घातल्या, त खरंच तरंगलो. पन आवाराच्या दुसऱ्या आंगाले सरकीचा ढीग हाय, टनक, वरून घरंगळता. त्याच्यावर रुंद फळ्यायनं मले इचारलंबी नाही, सरळ कुंपनाकडे घेऊन निंगाल्या. तठी अरुंदच बऱ्या. अन् एका गाडीवाल्यानं वजन भराले कापसावर पानी मारून आनलं होतं, तो ढीग तुह्या दुपारच्या बर्फासारखा. फळ्या अशा चिकटल्या का मी पुढं गेलो अन् त्या मांगंच राह्यल्या. एरंडीचं तेल चोपडलं तवा सुटल्या. म्हंजे तुही विद्या खोटी नाही. तू खोटा हाय का नाही ते मी पाहून राह्यलो.

काऊन का मी एका दुपारात जितका पडलो तितका जलमभरात पडलो नव्हतो. तोंडावर पडलो, पाठीवर पडलो, एकदा उभ्याउभ्याच पडलो. पुढचा दात अर्धा गेला. कापूस नाकात गेला तो जेवताना निंगाला. अन् तुह्या चार पानायत पडनं एकदाबी नाही. जो फळ्या बांधते तो आधी पडन्याचंच सांगते. गाडीवरून पडलेला मानूस गाडी कितीची हाय ते नाही सांगत, ढोपर दाखोते.

आता वाईट आयक. शेवटच्या घसरनीले मी जाऊन भगवानरावच्या पायापाशीच थांबलो. तोंडातून रक्त, आंगाले कापूस, पायाले दार. ते म्हनाले, हे काय हाय? मी म्हनलं, हेच शालिकचं काम हाय, फक्त त्याची गंजी डोंगराएवढी हाय अन् खाली दगड हायत. मले वाटलं छाती फुगंल त्यायची. ते लय येळ माह्या दाताकडे पाहत राह्यले. मंग म्हनाले,

"ज्याचा धंदाच पडन्याचा हाय, त्याले पोरगी देऊन मी तिले काय शेकाले बसवू?"

बोलनी थांबली. कंपाउंडरले निरोप गेला, येऊन पोरगी पाह्य म्हनून. मावशी माह्याशी बोलून नाही राह्यली. मंजुळा डबा घेऊन उभी होती, ती मात्र हसली. माह्यावर हसली का तुह्यावर, ते मले समजलं नाही.

हिंमत


छावणी,
९ जानेवारी १९६८

हिंमत,

तुला शहाणपणा करायला कोणी सांगितले होते? पत्र वाचायचे होते, तू गावचा तमाशा केलास. माझी सोयरीक मोडून वर दात दाखवतोस. अर्धाच गेला याचे मला वाईट वाटते.

मी पडलो की नाही याच्याशी तुझा संबंध काय? जाणकार माणूस पडत नाही. पडतात ते अडाणी, जे आपले हत्यार नीट ठेवत नाहीत. मी रोज संध्याकाळी एकेक जोडी कोरडी पुसतो, कडेच्या पट्टीला तेल लावतो, तळाचे मेण बोटाने पाहतो, पट्टे तपासतो आणि ओळीने खुंटीला टांगतो. पंजाबी असो, गढवाली असो, कोणाची जोडी कुठल्या खुंटीला ते मी डोळे मिटून सांगेन. आहे का तुझ्या जिनात असे कोणी?

भगवानरावांकडे जा आणि निस्तर. कसे ते तू पाहा. कंपाउंडर आत येण्याच्या आधी.

शालिग्राम


जळगाव जामोद,
२४ जानेवारी १९६८

भांडारी शालिग्रामले,

निस्तरलं. आता मायनं नाव कोनतंबी ठेवलं असो, इथं तुले भांडारीच म्हनते.

तुह्या शिव्यायचं पत्र मी दोनदा वाचलं. मानसाले पाय दोन, फळ्यायची जोडी एक. मंग एवढ्या खुंट्या कोनाच्या बे? जो दिवसभर डोंगरावर घसरते, तो संध्याकाळी पंजाब्याच्या फळ्या पुसत बसत नाही, आपले पाय शेकत बसते. साहेब तुले इचारते, आज कोनती, काऊन का कुलुपाची चावी तुह्या कमरेले हाय. शाल्या, तू त्या फळ्या पायाले लावल्याच नाहीस. तू शेगडीपाशी बसून त्या वाटतो अन् गोळा करतो. अन् इथं माह्या दाताचा जीव गेला.

मले लय राग आला. मंग लय हसू आलं. मंग डोक्यात आलं का अरे, हेच तर पाहिजे होतं भगवानरावले. सरळ गेलो अन् सांगतलं. म्हनलं, मालक, माह्यी चूक झाली. शालिक घसरत नाही, पडत नाही, उभाबी राहत नाही. तो कोठारावर हाय. सगळी फौज सकाळी त्याच्या दारात रांग लावते अन् तो देईन ते घेऊन जाते. बर्फ त्यानं फक्त खिडकीतून पाह्यला. तुह्या बाजूनं एवढं खरं आजवर कोनी बोललं नसंल.

भगवानराव इतक्या दिवसात पह्यल्यांदा हसले. जवळ बसोलं मले. म्हनाले,

"अरे, चावी ज्याच्यापाशी तो मानूस बरा. हे आधी काऊन नाही सांगतलं?"

कंपाउंडर येऊन पोहे खाऊन गेला होता, त्याले नाही म्हनून कळोलं. मंगळवारी आपल्या ओसरीत सुपारी फुटली. मावशी रडली, मंग माह्याशी बोलली, मंग मले लाडू देला. भगवानराव आता जो भेटंल त्याले सांगते, जावई कोठारावर हाय, मोठी जबाबदारी हाय.

एकच कडू हाय ते सांगतो. मंजुळा खुश नाही. सत्यभामाकाकूनं, तिच्या मायनं, तिले इचारलं, पोरी, आता तुह्या मनासारखं झालं ना? ती काकडीची कोशिंबीर करून राह्यली होती. वर न पाहता म्हने का फळ्या पुसनाराच कराचा होता त आपल्या जिनात काय कमी होते. मी त्यायच्या ओसरीत बसलो होतो, मले आयकू आलं. दुसऱ्या दिवशी मले म्हने, त्यानं तुमच्यासारखं एकदाबी नाही करून पाह्यलं? मी म्हनलं, नाही. ती म्हने, बरं. असं बरं मी आजवर आयकलं नव्हतं, आंगावर पानी टाकल्यासारखं.

पन बाप हो म्हनला, मंग पोरीच्या बरंले कोन इचारते. तू शेगडीपाशी बैस. पुस फळ्या.

हिंमत


छावणी, दवाखाना,
२३ जानेवारी १९६८

हिंमत,

पडून लिहून राह्यलो, अक्षर वाकडं येईन. डावा पाय पलस्तरात हाय. शुद्ध मराठी बसल्यावर येते मले, झोपून नाही येत.

तुह्यं उत्तर अजून आलं नाही. तुले शिव्या लिहून पत्र पेटीत टाकलं अन् कोठारात येऊन बसलो. हाव, कोठारात. मी स्टोअरवर हाय बे. दोन हिवाळे झाले, फळ्या देतो अन् घेतो. सगळे जाते, मी कुलूप लावतो. तू लिहिलं होतं का चार पानायत पडनं एकदाबी नाही. ते मले कुसळासारखं रुतून बसलं. चार दिवस मी खुंट्यायकडे पाहत होतो अन् खुंट्या माह्याकडे.

मंग एक दिवस जेवनाच्या सुट्टीत कुलूप उघडलं अन् जोडी निवडली. हिंमत, त्या दिवशी माह्याएवढी चांगली जोडी त्या डोंगरावर कोनी नेली नसंल. वर गोठलेलं होतं, झाडीत भुरभुरीत, खाली ओलं. सगळ्यायले पुरंल अशी जोडी काढली, मेणबी दोन थरायचं लावलं. रुंदी बरोबर, टोक बरोबर, कड बरोबर. लांबी मनगटापर्यंत.

वरचा टप्पा उतरलो. खरं सांगतो, उतरलो. कड बर्फाले लागली का कापड फाडल्यासारखा आवाज येते. दोन वर्षं मी ती कड पुसली अन् तो आवाज मले ठाऊक नव्हता. झाडीत शिरलो त भुरभुरीतावर तरंगलो. मी वरडलो, काय वरडलो ते आठवत नाही, पन आपल्या बोलीत वरडलो. मंग वळाचं होतं. एवढ्या लांब फळ्या मले वळवता आल्या नाही. एक फळी झाडाच्या इकडून गेली अन् एक तिकडून.

बर्फाचं सगळं पाह्यलं, हिंमत. माह्यं काही नाही पाह्यलं. हनुवटीइतकी घ्याची होती मले. दुसरा कोनी आला असता त मीच त्याले दोन शिव्या घालून आखूड जोडी देली असती.

फळ्या शिकवनारा आमचा उस्ताद गढवाली मानूस हाय. खाली येऊन उभा राह्यला, माह्या पायाकडे पाह्यलं, मंग फळ्यायकडे पाह्यलं. म्हनला, "दो साल सबको सही जोडी दी, और खुद को गलत?" मंग त्यानंच मले पाठीवर टाकून आनलं. न इचारता काढलं म्हून दंड झाला, तो झाला. पन म्हनला, अगल्या हिवाळ्यात शिकाऊ गटात घेतो. मी चावी वापस देऊन टाकली. आता मी कोठारात बसत नाही, काहीबी होवो.

मायले पायाचं सांगू नको. मंजुळाले खरं ते सगळं सांग, कोठाराचंबी अन् झाडाचंबी. तिच्या बापानं नाही म्हनलं त नाही. मले आता खोटं सांगून काही पाहिजे नाही.

शालिक


जळगाव जामोद,
९ फेब्रुवारी १९६८

लंगड्याले,

आपले दोघायचे पत्रं वाटेत एकमेकाले ठोसा मारून गेले. मी इथं चावीवर तुह्यं लग्न जुळोलं अन् त्याच आठवड्यात तू चावी वापस देली. तुह्या डोक्यात बर्फ हाय हे मी म्हनत होतो, कोनत्या जातीचा ते तू लिहून पाठव. दोन वर्षं गप बसला, अजून दोन आठवडे बसता येत नव्हतं? अन् आता खरं बोलाची उबळ आली तुले, सुपारी फुटल्यावर. भगवानरावनं तर गावात तुह्यी चावी हाताएवढी मोठी करून ठेवली हाय.

पत्र वाचून मी ते खिशात कोंबलं अन् ठरोलं का कोनाले दाखवाचं नाही. मावशीले सांगतलं, पोट्टा बरा हाय, थंडी लय हाय. पन दुपारी मंजुळा डबा घेऊन आली अन् माह्या तोंडाकडे पाहूनच म्हने, आलं का? मी खोटं बोलाले तोंड उघडलं. अर्ध्या दातानं खोटं नीट निंगत नाही. देऊन टाकलं तिच्या हातात.

तिनं सरकीच्या ढिगाआड उभ्यानं वाचलं. सातवी झालेली हाय, माह्यापेक्षा झटपट वाचते. कोठाराचं आलं तठी तोंड वाकडं केलं. मंग हळू झाली. झाडापाशी आली त तोंडावर पदर धरला. मले वाटलं रडते. हसत होती, शाल्या, आवाज न करता, खांदे हालेपर्यंत. म्हने, एवढा शहाना, सगळ्या बर्फायचं माप घेतलं अन् स्वतःचं घ्याचं राह्यलं. मंग पुन्हा पह्यल्यापासून वाचलं. डबा थंड झाला, आतून भगवानराव हाका मारून राह्यले होते, ती हालली नाही.

मी म्हनलं, आता हे तुह्या बाबाले सांगा लागंल. शालिकनं खरं ते सांग म्हनून लिहिलं. तिनं पत्राची घडी केली, चोळीत सारली, अन् म्हने,

"बाबाले कोठारवाला जावई पाहिजे, मले पडनारा. दोघायले आपआपला भेटू द्या. लगन लागेपर्यंत तुम्ही तोंड उघडलं त दुसरा दात मी पाडीन."

मी जलमभर लोकायच्या खोड्या केल्या. या पोरीनं उभ्याउभ्या मले तिचा चाकर करून टाकलं. तुह्यं पुढं काय होनार हाय ते मले आताच दिसून राह्यलं, पन त्याची कीव करनं माह्यं काम नाही.

तर आता आयक. लगन वैशाखात हाय. भगवानराव तुह्यं काम इचारतीन, तू कोठाराचं बोलजो. मेण कोनतं, पट्टे कसे तपासाचे, लागलं त रातभर बोलजो, तुले ते येतेच. पलस्तर निंगालं का रोज चालजो. येष्टीतून उतरताना लंगडला त मी स्टँडवर तुले ओळखत नाही, परक्या मानसासारखा बिडी पेटवून बाजूले जाईन. बोहल्यावर दोन्ही पायावर सरळ उभा राह्य. हार गळ्यात पडला का मंग सासऱ्याले सगळं खरं सांगून टाकजो, झाडाचंबी. त्या येळेले त्याच्या हातात पोरगी नसते, नुसता फेटा असते, अन् तो धरून मानूस काही करू शकत नाही.

हिंमत